कार्डात राहिलेली पोर

आमची पहिली मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली. तो उन्हाळा दुष्काळाचा होता. औरंगाबाद, म्हणजे आताचं संभाजीनगर, तेव्हा पडेगावच्या अंगानं दौलताबादच्या रस्त्याला पसरत चाललं होतं आणि माझं पोट त्या पसरण्यावरच होतं. मी एका प्लॉटिंगवाल्याकडे कामाला होतो. शेत विकलं गेलं की तिथं चुन्याच्या रेघा मारायच्या, खुणेचे दगड रोवायचे आणि त्याचे फोटो काढून ऑफिसात द्यायचे. त्यासाठी मला एक छोटा डिजिटल कॅमेरा मिळालेला होता. आम्ही राहायचो तीही अशीच नवी वसाहत होती. रस्ते आखलेले होते, घरांना नंबर होते, नळ मात्र नव्हते. टँकर आला की बायका ड्रमाकडे धावायच्या.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. पोरगी एवढीशी, म्हणून तिला खाली काचेच्या पेटीत ठेवलं. बायको वरच्या वॉर्डात. तिला ताप भरला होता, त्यामुळे तिला खाली जायची मनाई होती. जन्मल्यावर ओझरतं दिसलं तेवढंच. ती सारखी विचारायची, "कशी हाय ओ? कुणावर गेली?" मला काही सांगता यायचं नाही. लाल हाय, बारीक हाय, यापुढं माझे शब्द जायचे नाहीत.

मग मला कॅमेरा आठवला. नर्सबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "काढा, पण लाइट मारू नका डोळ्यावर." मी काचेवर कॅमेरा टेकवून फोटो काढले आणि वर जाऊन बायकोच्या हातात दिला. ती कॅमेऱ्याचा तो आगपेटीएवढा पडदा डोळ्याजवळ धरून बघत राहिली. एका फोटोत पोरीनं डोळे उघडले होते. तो तिनं पुनःपुन्हा बघितला.

माझी आई डबा घेऊन यायची. तिला हे पटलं नाही. "सव्वा महिना होईस्तोवर लेकराचा फोटो काढत नसतेत," ती म्हणाली. पण सुनेचा चेहरा बघून डबा सोडायला लागली.

शेजारच्या खाटेवर देवगाव रंगारीकडची एक बाई होती. मेंढरं पाळणाऱ्यांच्या घरातली. तिचंही पोरगं खालीच पेटीत होतं आणि तिचा नवरा मेंढरामागं असल्यानं दोन दोन दिवस येत नसे. ती एकदा संकोचत म्हणाली, "भाऊ, माझंबी दाखवा की तेवढं." तेव्हापासून मी दोघांचे फोटो काढायला लागलो. संध्याकाळी दोघी एकाच खाटेवर बसून बघायच्या. "तुमची लई शांत हाय," ती म्हणायची. "आमचं बघा, आत्ताच मुठी आवळतंय."

तिचं पोरगं वजन धरू लागलं आणि ते घरी गेले. जाताना तिनं मला बजावलं, "फोटो कागदावर काढून द्या बरं का भाऊ. सासूला दाखवायचाय." मी हो म्हणालो.

आमची पोरगी त्यानंतर थोड्याच दिवसांत गेली. एका दुपारी खालून बोलावणं आलं आणि तेव्हा मात्र बायकोला खाली जाऊ दिलं. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, टोपडं सारखं केलं, बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही तशी दिसत नाय ओ. फोटोत डोळे उघडे होते."

घरी आल्यावर तिनं पहिलं काही मागितलं असेल तर ते फोटो. ऑफिसातल्या संगणकावर उतरवून, मग धुवून आणावेत असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी कार्ड लावलं. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू पुढं सरकत होती. अर्ध्यावर आली नसेल, तेवढ्यात लाइट गेली. त्या वर्षात लाइट जाण्याचं कुणाला काही वाटत नसे. पंखा थांबला म्हणून सगळे उठून बाहेर गेले. मी तिथंच काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. लाइट आल्यावर कार्ड पुन्हा लावलं, तर संगणकानं विचारलं, हे कार्ड फॉरमॅट करायचं का? कॅमेऱ्यात घातलं, तर कॅमेरा म्हणाला, कार्डात दोष आहे. संगणकातही काहीच उतरलेलं नव्हतं.

बायकोला मी म्हणालो, "दुकानात टाकलंय, येतील." तेव्हा टाकलेलंही नव्हतं.

पैठण गेटजवळ एक कॅमेरे दुरुस्त करणारा होता. त्यानं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. "देखो भाई, कोशिश करता मैं. मिला तो मिला, नईं मिला तो मेरे कू बोलने का नहीं," तो म्हणाला. आत काय आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो जास्त मन लावून शोधेल, असं एकदा वाटलं; आणि सांगताना आपल्याला बोलता येणार नाही, असंही वाटलं.

दोन दिवसांनी गेलो तर तो खुशीत होता. "बहोत निकले!" म्हणत त्यानं पडदा माझ्याकडे फिरवला. बघतो तर प्लॉट. चुन्याच्या रेघा, खुणेचे दगड, भेगाळलेली काळी जमीन, 'प्लॉट विक्री चालू' अशी पाटी. मी कधीच पुसून टाकलेले, कुणालाही नको असलेले फोटो एकामागून एक निघत होते. मी पुढं पुढं जात राहिलो. मग पेटीची काच आली, काचेत माझ्याच बोटांची सावली, खाली लोकरीच्या टोपड्याची कड, आणि त्याखाली सगळं करडं. पुढच्यातही तेच. टोपड्यापर्यंत फोटो यायचा आणि कपाळापाशी संपायचा.

"बाकी उड़ गया," तो म्हणाला. त्याचा आवाज आता उतरला होता. "बच्ची है क्या आपकी?"

"हो," मी म्हणालो.

एकच फोटो सबंध निघाला. स्वच्छ, नीट उजेडातला. मुठी आवळलेलं, तोंड वाकडं करून रडायच्या बेतात असलेलं पोरगं. शेजारच्या खाटेवरचं.

तो फोटो मी कागदावर काढून घेतला आणि घरी आणला. बायकोनं लिफाफा माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. फोटो बाहेर काढला आणि थांबली. मी सांगायला तोंड उघडलं, पण तिला कळलं होतं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांचा त्यांना नेऊन द्या."

आई मागून म्हणाली, "आता नको हुडकू बाबा. गेली ती गेली." मी तरी आणखी एका दुकानात कार्ड दाखवलं. तिथं तर ते वाचलंच गेलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढून देवगाव रंगारीला गेलो. विचारत विचारत त्यांचं घर सापडलं. घरी फक्त म्हातारी सासू होती. बाकी सगळे चाऱ्यापाण्यासाठी मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेले. तिनं आधी मला पाणी दिलं. त्या साली कुणी न मागता पाणी देणं ही साधी गोष्ट नव्हती. मी अर्धंच प्यालो. फोटो तिनं दाराशी उन्हात नेऊन बघितला.

"व्हय, आमचंच हाय हे!" ती हसली. "नाक बघा, आज्याचंच घेतलंय. आता तर लई गुटगुटीत झालंय. पाठीला बांधून नेलंय सुनेनं."

मी उठलो, तर ती म्हणाली, "अन् तुमची पोरगी? तीबी पेटीत होती नव्हं? सून सांगत होती, लई शांत पोर हाय म्हून."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बरी हाय."

"लई बरं झालं बाबा," म्हातारी म्हणाली.

घरी येईपर्यंत उन्हं कलली होती. बायको ओट्यावर बसली होती. पोरगं कसं हाय, हे तिनं आधी विचारलं. पाठीला बांधून नेलंय म्हणाल्यावर तिनं मान डोलावली. आपल्याबद्दल काही विचारलं का, म्हणाली. मी खरं ते सांगितलं, म्हातारीनं विचारलं आणि मी 'बरी हाय' म्हणून आलो.

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "ती डोळे उघडलेली कशी दिसत होती, सांगा बरं तुम्ही."

मी म्हणालो, "डोळे मोठे होते. तुझ्यासारखे."

"नाय ओ," ती म्हणाली. "बारीक होते. अर्धेच उघडले होते तिनं."

मी आठवायला गेलो, तर मला टोपडंच दिसायला लागलं.