फुईची सात ज्यूलची बंदूक

भूषणने चाप ओढला तेव्हा त्याचा नेम मक्याच्या पोत्यावर ठेवलेल्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्यावर होता. डबा जागचा हलला नाही. छर्रा गोदामाच्या खिडकीतून निघाला, रस्ता ओलांडून गेला आणि अभिमन आबांच्या न्हाणीघरावरचा, उन्हाने ठिसूळ झालेला पाइप फोडूनच थांबला. त्या घटकेला आबा डोक्याला साबण लावून, डोळे मिटून नळाखाली उभे होते. नळाने एक उचकी दिली आणि तो गप्प झाला. मग आबाच बोलू लागले.

"कोन शे तो? कोनी फोडा मना पाइप?" कमरेला टॉवेल आणि डोक्यावर फेस अशा थाटात ते भर रस्त्यात आले.

गोदामाच्या दारात धुरपदाबाई उभी होती. ती भूषणची सख्खी आत्या, म्हणजे आमच्या खान्देशात फुई. तिने एकदा आबांकडे पाहिलं, एकदा भाच्याकडे. "डोया धुई लेवा आबा," ती म्हणाली, "मंग भांडूत."

नरडाण्याच्या अलीकडच्या त्या गावात धुरपदाबाईला सगळे अक्का म्हणतात. वय सहासष्ट, नऊवारीचा काष्टा, आणि मांडीवर नवऱ्याच्या वेळची छऱ्याची बंदूक. नवरा याच गोदामावर राखणदार होता. त्याने ती बंदूक उंदरांसाठी घेतली आणि आयुष्यभरात भिंतीशिवाय काही मारलं नाही. एके दिवशी तो जेवायला बसलेला असताना बाईने ती सहज उचलली आणि पहिल्याच छऱ्याला तुळईवरचा उंदीर खाली आला. नवऱ्याने घास तोंडात तसाच धरून बंदूक तिच्या हवाली केली, ती कायमची. धान्याच्या गोदामात विष टाकता येत नाही, मांजर सुस्तावून पोत्यावर झोपतं, म्हणून शेठने अक्काला ठेवलं. दुपारी चारला ती उपड्या घमेल्यावर बसते. छर्रे कुंकवाच्या करंड्यात. उंदीर दिसला की आधी त्याला दोन शिव्या, मग छर्रा. गणपतीचे दहा दिवस मात्र तिची बंदूक खुंटीला. "देव पाहुना उना शे. तेनी गाडीले हात नही लावनार," असं तिचं म्हणणं. त्या दहा दिवसांत उंदीर असे माजतात की अनंत चतुर्दशीला त्यांना पळता येत नाही.

भूषण जळगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेचा सहायक. फुईवर त्याची फार माया. तिची बंदूक बिचारी खोकल्यासारखा आवाज करते, याचं त्याला वाईट वाटायचं. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्या असतात, एक संथ आणि एक जलद, हे त्याला एका मित्राने सांगितलं. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणी, आत स्प्रिंग वेगळी. दुकानदार ओळखपत्र पाहून, वहीत नाव लिहून संथच देत होता. मित्राने आपल्याजवळची 'फुल पॉवर' दिली. सेकंदाला हजार फूट! भूषणने ती ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून फुईला भेट आणली आणि स्वतःच उद्‌घाटन केलं.

आबांनी केस पुसले आणि थेट शेठला फोन लावला. अक्काची बंदूक बिनपरवान्याची आहे, आज पाइप फोडला, उद्या कवटी फोडेल. शेठ घाबरला. अर्ध्या तासात निरोप आला, की ठाण्यातून 'चालेल' असं येईपर्यंत अक्काने बंदूक घेऊन गोदामात पाऊल टाकायचं नाही. जुनीही नाही आणि नवीही नाही.

अक्का घरी येऊन ओट्यावर बसली. दुपारचे चार वाजले तशी तिची बोटं आपोआप करंड्याकडे गेली आणि मागे आली. भूषणला ते पाहवलं नाही. "फुई, कायदा साधा आहे," तो म्हणाला. "नळी साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि जोर वीस ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. मोजून टाकू!"

"कसानं मोजशी? तराजूवर?"

"मातीनं."

मग अक्काने किलोभर चिकणमाती भाकरीच्या पिठासारखी मळली. भूषणने तिचा गोळा एका उघड्या डब्यात दाबून आडव्या दांडीला मीटरभर दोरीने टांगला आणि मागे पट्टी लावली. जुन्या बंदुकीचा छर्रा मातीत घुसला. डबा पावणेतीन सेंटिमीटर झुलला. नव्या बंदुकीला तो जवळजवळ पाच सेंटिमीटर गेला. भूषणने वहीत आकडेमोड केली. जुनी, सात ज्यूल. मग दुसरा आकडा आला तसा त्याचा चेहरा पडला.

"काय व्हयनं रे?"

"तेवीस. तीन ज्यूल जास्त आहे."

"तीन ज्यूल म्हंजे किती उंदर?"

"उंदीर नाही फुई, परवाना! ही बंदूक परवान्याशिवाय घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे."

"आनि तू ती माले भेट दिधी," फुई शांतपणे म्हणाली. "ब्लाउजपीस तरी खरा शे ना?"

संध्याकाळी आबा आले. आता अंगात सदरा होता आणि आवाजात साखर. "अक्का, मी बठ्ठी तक्रार मागे लेस. शेठले सांगस का मनीच चूक शे. पाइप जुनाच व्हता." त्यांनी नव्या बंदुकीकडे नजर टाकली. "पन मना मकामा डुकरं येतस. हाई बंदूक भारी शे. दोन-तीन डुकरं टिपी दे."

भूषणच्या जिवात जीव आला. शेठचा फोन, आबांची माघार, उद्या चारला फुई परत घमेल्यावर! "फुई," तो कुजबुजला, "एखादं..."

"चूप बस." फुई आबांकडे वळली. "डुक्कर फॉरेस्टनं शे आबा. तेना अर्ज तठे करा. अशी बंदूक तेले लागनार बी नही, नुसतं घायाळ व्हई आनि मंग तुमनाच मांगे लागी. मी उंदरनी बाई शे."

"मंग मी ठाण्यामा जास!" आबांची साखर विरघळली.

"काबर तरास? मीच जास."

आणि ती खरंच गेली. सकाळी रिक्षात एका मांडीवर जुनी बंदूक, दुसऱ्या मांडीवर नवी, आणि शेजारी मातीचा डबा घेऊन घामाघूम झालेला भूषण. "फुई, नवी दाखवूच नको," तो वाटभर विनवत होता. "जुनी दाखवू, सात ज्यूल सांगू, विषय संपला."

ठाण्यात जमादारांनी विचारलं, "बाई, काय काम?"

"हाई मनी बंदूक, सात ज्यूल," अक्का म्हणाली. "हाई दुसरी, तेवीस. हाई मना भाचानी आनी. तो हाऊ."

जमादारांनी भूषणकडे असं पाहिलं, की त्याला शाळेतले सगळे गुरुजी एकदम आठवले. मग दोन तास जबाब झाला. मित्राचं नाव, पत्ता, स्प्रिंग कुणी बसवली, सगळं. नवी बंदूक जमा झाली आणि भूषणला सोमवारी पुन्हा बोलावलं. मातीचा प्रयोग मात्र जमादारांना फार आवडला. त्यांनी तो अंगणात तीनदा करून घेतला, तिसऱ्यांदा स्वतः चाप ओढून. शेवटी जुन्या बंदुकीचं बिल आणि नळी तपासून त्यांनी शेठला फोनवर सांगितलं, "हिला परवाना लागत नाही. बाईंना बसू द्या. शिकलेल्या भाच्याला मात्र आत घेऊ नका."

चार वाजता अक्का घमेल्यावर बसली. करंडा उघडला, एक छर्रा नळीत घातला आणि पोत्यांमागच्या खुडबुडीला पहिली शिवी दिली.

भूषण दाराबाहेर, पायरीवर. जळगावची गाडी यायला वेळ होता. त्याचं मन त्याला खात होतं. काहीतरी देऊन भरपाई करावी, असं त्याला फार वाटत होतं.

"फुई," तो बाहेरूनच म्हणाला, "दिवाळीला येताना तुला काय आणू?"

फुईने नळीवरून नजर न हलवता सांगितलं, "काहीच आनू नको."