फुटक्या बशांचा प्रकल्प

नववीला वर्तुळ शिकवताना माझं घोडं दरवर्षी एकाच जागी अडायचं. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, हे मुलं घडाघडा म्हणायची. पण मग याचा उपयोग काय, असं विचारलं की सगळ्या माना खाली. म्हणून त्या वर्षी मी फळा बाजूला ठेवायचं ठरवलं. पस्तीस मुलं, पाच-पाच जणांचे सात गट. प्रत्येक गटानं घरातली एखादी गोल पण फुटलेली वस्तू आणायची, म्हणजे बशी, ताटली, कुंडीचा काठ, काहीही. हातात एवढासा तुकडा, आणि त्यावरून अख्खं वर्तुळ केवढं होतं ते शोधून काढायचं. दोन जीवा काढा, दोघींचे लंबदुभाजक काढा, ते जिथे भेटतील तिथे केंद्र. मला माझी कल्पना फार आवडली होती. आदल्या दिवशी घरी एका फुटक्या झाकणीवर मी स्वतः करूनही पाहिलं होतं.

आमची शाळा भाईंदरमधली, मराठी माध्यमाची. वर्ग सुटला की मुलं आपसात हिंदीच बोलतात, पण वर्गात मराठी. दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला आणि माझा सगळा उत्साह पाच मिनिटांत उतरला. कुणीच कामाचं काही आणलं नव्हतं.

"बाई, आमच्याकडे फुटलंच नाही काही."

"बाई, मम्मी बोलली, फुटलेलं घरात ठेवायचं नसतं."

एकानं आइस्क्रीमच्या डब्याचं चिरलेलं झाकण आणलं होतं, ते दाबलं की वाकडं व्हायचं. मी चिडले. निदान एका गटाकडे तरी काही असावं ना, असं काहीतरी बोलत होते, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

"बाई, माझ्याकडे आहेत. सगळ्यांना पुरतील."

ती अबोल मुलगी. मार्क बरे, वह्या नीटनेटक्या. राहायची बेव्हर्ली पार्कला, बड्या सोसायटीत. तिच्या वडिलांना शाळेत सगळे ओळखत. ऐपत असून मुलीला मराठी शाळेत घातलं म्हणून त्यांचं कौतुक व्हायचं. मराठी दिनाला ते मंचावरून सुंदर बोलले होते. पालकसभेला आले की शिपायालासुद्धा नमस्कार करायचे, आणि आम्ही बसल्याशिवाय स्वतः बसायचे नाहीत.

तिनं दप्तराच्या खालून एक कापडी पिशवी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत जाड वर्तमानपत्रात गुंडाळलेले तुकडे होते. चिनी मातीचे, काचेचे, एक निळ्या वेलबुट्टीचा, एक सोनेरी कडेचा. हाताला लागू नये म्हणून प्रत्येकाच्या धारदार बाजूवर खाकी चिकटपट्टी लावलेली. धारेला चिकटपट्टी लावून आणा, ही माझी आदल्या दिवशीची सूचना फक्त या एका घरानं पाळली होती.

"बघा," मी वर्गाला म्हणाले, "याला म्हणतात तयारी! टाळ्या वाजवा तिच्यासाठी."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. ती खाली बघत जागेवर बसली.

मग तास असा रंगला की काय सांगू! तुकडा चार्ट पेपरवर आडवा ठेवून मुलांनी काठ पेन्सिलीनं गिरवला. जीवा काढल्या. कंपास पुरेना, तेव्हा सुतळीला पेन्सिल बांधली. खिडकीजवळच्या गटाचे दोन लंबदुभाजक भेटले, त्यांनी तिथं सुतळीचं टोक धरून वर्तुळ फिरवलं, आणि ते गिरवलेल्या काठावरून अगदी बेमालूम गेलं तेव्हा पाचही जण ओरडले. मी एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे धावत होते. इतक्या वर्षांत भूमितीच्या तासाला असा आवाज मी ऐकला नव्हता.

शेवटी फळ्यावर सगळ्यांच्या त्रिज्या लिहिल्या. दोन गटांची तेरा सेंटिमीटर आली.

"एकाच ताटाचे तुकडे आहेत," एक मुलगा म्हणाला.

"अरे, डिझाइन अलग आहे ना. ही वेगळी, ती वेगळी."

त्यांनी सातही तुकडे एका बाकावर मांडले. सात वेगळ्या बशा, वाडगे नि ताटं होती. कुणीतरी हसत विचारलं, "तुझ्या घरी एवढं सगळं फुटतं कसं गं?"

ती चार्टवर नाव लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा फेकतात."

तिनं ते इतक्या सहज सांगितलं की पहिल्यांदा मला अर्थच लागला नाही. वर्गाला माझ्या आधी कळलं. मुलं आपापल्या चार्टवर वाकली. मी हातात खडू धरून उभी होते आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं, तर, "बरं. आता त्रिज्येवरून परीघ काढा."

हे वाक्य मी बोलले. आजही कुणाला सांगताना जीभ अडते. मुलांनी निमूटपणे परीघ काढले.

तास संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं. "कुणाच्या अंगावर फेकतात?" मी विचारलं.

"आईच्या. मी मध्ये गेले तर माझ्यापण." मग तिनं स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर केली. मार्च होता. ती रोज स्वेटर घालून येत होती आणि मी रोज तिला बघत होते.

तुकडे पिशवीत भरून मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "ते? शक्यच नाही. मुलं काय, काहीही बोलतात." मी ती पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी केली आणि तिच्या कोपराजवळच्या वणाबद्दल सांगितलं. मग त्यांनी शाळेच्या समुपदेशक बाईंना फोन लावला, आणि मुलीच्या आईला.

आई दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आली. साधी, नीट नेसलेली साडी, हातात बाजाराची पिशवी. नवऱ्याला भाजीला जाते सांगून निघाली होती. मला वाटलं होतं, ती मुलीवर रागावेल, नाहीतर रडेल.

"तुम्हाला त्रास झाला," ती म्हणाली. "पण बाई, पिशवी मीच भरून दिली."

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

"कचऱ्यात टाकता येत नव्हतं. कचरा न्यायला येते ती बाई विचारायची, ताई, परत फुटलं? मग सोसायटीत बोलतात. हे म्हणाले, बाहेर दिसता कामा नये. म्हणून मी सिंकखाली साठवत गेले. मधे स्टीलची ताटं आणली. ती फुटत नाहीत, पण लागतात फार." तिनं बाजाराची पिशवी मांडीवर घेतली. "मुलगी म्हणाली, बाईंना फुटकी बशी पाहिजे. मी रात्रभर विचार केला. सकाळी सगळंच देऊन टाकलं. म्हटलं, कुणी विचारलं तर विचारलं."

"आणि कुणी विचारलं नसतं तर?"

"तर निदान सिंकखालची जागा तरी मोकळी झाली असती," ती म्हणाली.

त्याच दुपारी मायलेकी काशीगावला आईच्या भावाकडे गेल्या. समुपदेशक बाई सोबत होत्या. पुढे पोलिसांत तक्रारही झाली.

चौथ्या दिवशी वडील शाळेत आले. नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट, नेहमीसारखा नमस्कार. मी बसेपर्यंत ते उभेच राहिले. आवाज एकदाही चढला नाही.

"बाई, तुम्ही भूमिती फार छान शिकवता असं ऐकतो. तेवढंच शिकवा."

इतकंच बोलून त्यांनी शिपायालाही नमस्कार केला आणि गेले. हा माणूस मंचावर बोलत असताना मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली होती, हे मला आठवत राहिलं.

गोष्ट तिथून सरळ गेली, असं नाही. दिवाळीत आई परत त्या घरी गेली. नातेवाइकांनी समजूत घातली, नवऱ्यानं सगळ्यांसमोर माफी मागितली. बाराव्या दिवशी ती पुन्हा भावाकडे आली, कपाळाला टाके घालून. त्यानंतर मात्र गेली नाही. एका पाळणाघरात ती कामाला लागली. खटला अजून चालूच आहे.

मुलगी काशीगावहून ये-जा करूनच दहावी झाली. निकालानंतर दाखला न्यायला आली तेव्हा आम्ही दोघीच वर्गात होतो. बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते मी विचारलं, "त्या दिवशी आईनं पिशवी का भरून दिली, ते तुला ठाऊक होतं का गं?"

दाखल्याची घडी घालता घालता ती चमकली.

"नाही बाई. मला वाटलं, गुढीपाडवा आलाय, आई घर साफ करतेय."