हरीअण्णांचा लेख काही मागे जाईना

हरीअण्णा सरकारी कारखान्यात रडार तपासता तपासता म्हातारे झाले. मूळचे सांगलीचे, पण बंगळूरच्या बसवनगुडीत इतके मुरलेत की भाजीवालीशी कन्नडमध्ये भांडतात. निवृत्त झाल्यावर माणूस देवळाच्या कट्ट्यावर बसतो. यांनी बातम्या आणि नकाशे जुळवून कुठल्याशा परदेशातल्या सीमेवरच्या चकमकींवर लेख लिहिला. सीमेलगतची गावं उठवली की चकमकी थांबतात, असा. आमच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षेच्या नियतकालिकात तो छापून आला.

आणि काय चालला म्हणता! मी निपाणीची शालन, माझी नोकरीच ती. आमच्या लेखांचा आधार जगात कुणी कुणी घेतला ते मोजायचं. संदर्भ वाढले की नियतकालिकाचा आकडा वर, आकडा वर की आमच्या संपादक स्मृती मॅडमची मान वर. त्या वर्षी अण्णांच्या एकट्या लेखानं आम्हाला तारलं.

मग एका ऑनलाइन परिषदेत त्याच सीमेवरची एक बाई बोलायला उठली. म्हणाली, "चकमकी थांबल्या नाहीत, साहेब. त्यांची खबर देणारे आम्हीच तिथे उरलो नाही." ऐकत बसलेल्या अण्णांनी तिथेच जुने नकाशे बाहेर काढले. महिनाभर त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. बाईचंच खरं निघालं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर. "माझा लेख चुकलाय. मागे घ्या. याच्या जोरावर कुणीतरी आणखी गावं उठवील."

मॅडम गोड हसल्या. "सर, स्वल्प थांबा की. जूनमध्ये संदर्भांचा आकडा लागू दे."

जून गेला. मग समिती नेमली. मग समितीतला एक जण परदेशी गेला. अण्णा बिचारे दर आठवड्याला येऊन बाकावर बसायचे, आणि केबिनचं दार बंद. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जायची! चूक कबूल करायला आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं? कुठं फेडतील हे?

शेवटी दसऱ्याच्या सुमाराला लेख मागे घेतल्याची चार ओळींची सूचना एका कोपऱ्यात छापली. अण्णांनी आम्हा सगळ्यांना पेढे वाटले. मुलीच्या लग्नातसुद्धा इतके खुलले नव्हते म्हणे.

यंदा मी पुन्हा मोजायला बसले. आमच्या सगळ्या लेखांत वरती कोण? अण्णाच. ती सूचना कुणी वाचलीच नव्हती. आधार घेणाऱ्यांत एक अहवाल एका सरकारच्या सल्लागाराचा, दुसऱ्याच खोऱ्यातली गावं हलवा म्हणणारा. आधार एकच, हरीअण्णांचा.

मी तशीच मॅडमकडे गेले. त्यांनी अहवाल उलटून पाहिला. "संदर्भ आपल्याच अंकाचा आहे ना? मग धर की."

"पण मॅडम, तो लेख आपण मागे घेतलाय."

"मोजताना ते कोण विचारतं? सरी, ठीक आहे, जा आता."

जागेवर येते तोवर अण्णांचा फोन. "शालन, यंदा कुणी घेतलं नाही ना गं माझं नाव?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण या माणसाशी खोटं बोलवेना. मी त्या खोऱ्याचं नाव सांगितलं.

 अण्णांनी हळूच विचारलं, "तिथं किती गावं आहेत गं?"