सुलाबाईनं लावलेली खिडकी

बुरशीची सुलाबाईला जन्माची धास्ती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिची हयात गेली. तिथं पानाला बुरशी धरली की मुकादम आधी बायकांच्या अंगावर खेकसायचा. बेळगावात लेकाकडं, दीपंकरकडं राहायला आल्यावर तरी हे झेंगट सुटेल असं तिला वाटलं होतं. पण शहापुरातली गल्ली अरुंद, घरात ऊन म्हणून शिरत नाही. पावसाची झड लागली की बाथरूमच्या भिंतींना आतून पाणी सुटायचं आणि कोपऱ्यात काळे ठिपके उठायचे. त्यात नात करिष्माला दमा. घरातली बुरशी आधी घालवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सून सुविधा शाळेत शिकवायची. अंघोळी आटोपल्या की ती बाथरूमची फरशी कोरडी करायची, खिडकी उघडायची आणि मगच बाहेर पडायची. तिची पाठ वळली की सुलाबाई खिडकी लावून टाकायची. वखारीत वारं लागलं की पानाचा चुरा होतो, म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून बसायची तिची सवय. बाहेरची ओल आपण होऊन घरात कशाला घ्यायची, हे तिचं म्हणणं. सुविधा सांगून दमली, सुलाबाई काही ऐकून दमली नाही.

त्या दिवशी सकाळपासून करिष्माची छाती वाजत होती. तिला शाळेला पाठवलं नव्हतं; घरात आजी-नात दोघीच होत्या. तो आवाज ऐकत सुलाबाई बाथरूममध्ये शिरली. आज ही बुरशी मुळासकट काढायची, असं ठरवून तिनं भिंतीला ब्लीचिंग पावडर फासली. डाग हलेनात. मग त्याच्यावरच संडास धुवायचं ॲसिड ओतलं. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू होतो, हे तिच्या गावीही नव्हतं. खिडकी तिनं रोजच्यासारखी लावलेलीच होती; पोरीला वास लागू नये म्हणून दाराची कडीही तिनंच लावली होती.

उग्र वाफ उठली, डोळे झोंबले. पण तंबाखूच्या खकाण्यात जन्म काढलेल्या बाईला घसा जळण्याचं काय कौतुक? पदर नाकाला लावून ती घासत राहिली. थोड्या वेळानं श्वास आत जाईनासा झाला, तेव्हा मात्र ती घाबरली. कडी काढून तिनं दार ओढलं. पावसानं फुगलेलं दार जागचं हलेना.

"आज्जी, खोकतीस का गं? थांब, मी ढकलते."

सुलाबाईचा हात तिथंच थांबला. दार उघडलं तर ही सगळी वाफ पोरीच्या तोंडावर जाणार. तिच्या एवढ्याशा छातीला ते सोसणार कसं? तिला ओरडायचं होतं, घशातून आवाजच फुटेना. बाहेरून दारावर धक्के बसू लागले. एका हातानं दार दाबून धरून तिनं दुसऱ्या हातानं खिडकी चाचपली. खिटी सापडली. गार वारं आत आलं तसं तिच्या तोंडून शब्द फुटले, "लांब हो. गॅलरीत पळ."

धक्के थांबले. आता पोरगी गॅलरीत असेल की दारातच पडली असेल, या भीतीनं तिनं दाराला दोन्ही हातांनी हिसका दिला. कशीबशी दार खेचून ती बाहेर पडली आणि तिनं ते परत लावून घेतलं.

करिष्मा गॅलरीत होती. कठड्याला धरून धापा टाकत होती, आणि दम्याचा पंप तिचा तिनंच तोंडाला लावला होता. सुलाबाई गॅलरीच्या उंबऱ्यातच थबकली. लुगड्याला अजून तो वास येत होता.

"जवळ येऊ नगंस बाळा. माझ्या अंगाला इख लागलंय."

पोरगी बघत राहिली. आजीचे डोळे लालभडक, ओठ कोरडे, आणि छाती तिच्यासारखीच वाजत होती. ती पुढं आली. सुलाबाई मागं सरकली, भिंतीला टेकली, मग सरकायला जागा उरली नाही.

करिष्मानं टाचा उंच करून पंप आजीच्या तोंडापुढं धरला.

"भिऊ नको आज्जी. पहिल्यांदा मीपण लई भ्यालते."