साखळीच्या टोकाचा डोळा

माझी पत्नी नाशिक रोडच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची, मी तिथंच मराठी. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या. त्या बेलगाम वाढू नयेत म्हणून ती तांब्याचा क्षार वापरायची. तांबं साखळीच्या टोकावरचा ब्रोमीन काढून घेतं, साखळी जागी होते, चार-दोन रेणू जोडून घेते. ब्रोमीन परत बसला की थांबते. अशी थांबलेली साखळी पुढं दुसऱ्या जातीचे रेणूही घेते. एकाच धाग्यात दोन प्लास्टिकं.

दोन हजारच्या सुमाराला तिनं यावर मराठीत व्याख्यान लिहायला घेतलं. थांबलेल्या साखळीला काय म्हणावं, इथं अडलं.

"सुप्त," मी म्हणालो.

"सुप्त म्हटलं की पोरांना ज्वालामुखी आठवतो."

"निद्रिस्त?"

"अहो, मी कुंभकर्ण शिकवत नाहीये! इतकी वर्षं मराठी शिकवताय, एक शब्द देता येईना?" मग शांतपणे म्हणाली, "ती मेली, असं मुलांना वाटता कामा नये. सगळं त्यावरच आहे."

तेवढी जागा कोरी राहिली. पुढं आजारपण आलं आणि पावसाळा सरता सरता ती गेली. व्याख्यान मीच वाचावं, असं तिच्या विभागानं सुचवलं.

कोऱ्या जागेपाशी मी 'सुप्त' म्हणालो. दिंडोरीकडची एक मुलगी उठली. "म्हणजे मेली का, सर?"

"नाही." आवाज जरा चढलाच. मग म्हणालो, "तुमच्याकडं द्राक्षाची छाटणी झाली असेल ना? काडीवरचा डोळा कसा असतो आत्ता?"

"बंद."

"पेस्ट लावली की फुटतो, सर!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा झाला.

"तसंच. तांबं ही हिची पेस्ट. फक्त वेलीचा डोळा फुटला की फुटला. हा फुटतो, मिटतो, परत फुटतो."

"सगळेच फुटतात?" मुलीनं विचारलं.

घरी भेटायला येणारे तिच्याबद्दल 'गेल्या' म्हणत. मीही 'गेली'च म्हणत होतो.

"नाही," मी म्हणालो. "काही मरतात. जागी झालेली दोन टोकं एकमेकांना भिडली की तिथं संपतं. म्हणून एका वेळी थोडीच टोकं जागी ठेवायची."

मुलगी ते लिहून घेत होती. तिचं होईपर्यंत थांबलो आणि पुढचं पान वाचायला घेतलं.