नंदाबाईचा उकळता चहा

तिकोणा पेठंत, गडाच्या वाटंवर नंदाबाईची चहाची टपरी. बाई लय तिखट. एकदा गडावर आलेल्या पोरांनी दारूच्या भरात तिच्या बरण्या फोडल्या, तर हिनं चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आन त्यांना पार धरणाच्या रस्त्यापत्तूर पळवलं. एकाची तर प्यांट करपली मागनं!

पण घरात तिचं काय चालंना बघा. चहाचा कप घिऊन ती खाली टेकली, की नवऱ्याची, रखमाजीची लाथ आलीच.

"बसून पितीस व्हय, म्हाराणी? म्हसरं काय तुजा बाप सोडंल?"

कप भिंतीवर, चहा मांडीवर. मग ती शिकली. चहा चुलीवरनं उतरला की उभ्या उभ्या एका दमात घशात वतायची. आतनं भाजायचं, पण लाथंत तर गेला न्हाई! हिरड्या सुजून रगात याया लागलं, तर वरनं मिसरी चोळायची. जरा बधिर झालं की तिला वाटायचं, बरं झालं.

गेल्या साली भाकरीचा घास छातीत अडकाया लागला. ही छातीवर बुक्क्या हाणायची आन त्यो घास ढकलाया आणिक उकळता चहा प्यायची. शेवटी सून समीक्षा तिला तळेगावला घिऊन गेली. डॉक्टरीणबाईनं रगात तपासलं, तोंड बघितलं.

"मावशी, अंगात सूज आहे तुमच्या."

"सूज? नुसती हाडं राह्यलीत की माजी!"

"ही आतली सूज. हिरड्या सुजल्यात, अन्ननलिका रोज भाजतेय. जखम भरायच्या आत तुम्ही परत भाजता, वर तंबाखूची मिसरी. अशी सारखी धुमसणारी जागा असली की कॅन्सरचा धोका वाढतो. झालाय का नाही, ते घशातून दुर्बीण घालूनच कळेल."

दुर्बीण घालताना दवाखान्यातल्या दोघा गड्यांनी तिची मनगटं दाबून धरली, आन झालं! रखमाजी मारायच्या आधी अशीच धरायचा. नंदाबाईनं लाथ झाडली, सामान खळाखळा खाली. एकाच्या हाताला असा चावा घेतला की रगातच निघालं.

"सोड, मुडद्या! मरंन, पर हात धरू देनार न्हाई!"

समीक्षा रडाया लागली. "आत्याबाई, घास बंद पडला तर उपाशी मराल वो!"

नंदाबाईनं तोंडाला लागलेलं रगात पदरानं पुसलं. मग म्हणली, "कुनी हात लावायचा न्हाई. मी खाटंचं लोखंड धरते."

तशीच दुर्बीण गेली. डोळ्यांतनं धारा, पर बाई हलली न्हाई. आतला तुकडा तपासाया धाडला. कॅन्सर नव्हता अजून, पर जखमा व्हत्या आन पेशी बिघडाया लागल्या व्हत्या. डॉक्टरीणबाईनं बजावलं, "मिसरी बंद. चहा गार करूनच प्यायचा. आणि परत दाखवायला यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाबाईनं मिसरीचा डबा चुलीत घातला. कपात चहा वतला, उंबऱ्यात बसली, फुंकर मारत ऱ्हायली. शेजारी मुसळ ठेवलं व्हतं.

"परत बसलीस?" रखमाजीनं पाय उचलला.

तिनं कप खाली ठेवला, मुसळ उचललं आन त्याच्या नडगीवर असं हाणलं की त्यो कोलमडून अंगणात पडला.

"मेलो! मेलो गं आई!"

"मेला न्हाईस. गप पड जरा," नंदाबाई म्हणली. "माजा चहा गार व्हतोय."