पावसाआधीची लस

गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी बाबांनी चेन्नईजवळ तांबरममध्ये, आमच्या उपनगरात, फ्लूची लस घेतली. आदल्या संध्याकाळी माझी बायको ताप घेऊन कामावरून परतली होती.

बाबांची फुप्फुसं अधू आहेत. साताऱ्यात एकटे राहत असताना त्यांना फ्लू झाला, त्यातून न्यूमोनिया, आणि आठवडाभर ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दरवर्षी लस घ्यायची, पावसाळ्याआधी. पुढच्या मे महिन्यात बाबा आमच्याकडे चेन्नईला राहायला आले.

जूनमध्ये मी लशीचा विषय काढला, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. साताऱ्यात पाऊस सुरू झाला होता. इथे रस्ते तापलेले होते.

"तुमच्याकडे पाऊस दिवाळीला येतो. आत्ता सुई टोचून घेतली तर तिचा जोर तोवर राहील का?"

त्यांनी सप्टेंबर ठरवला. आम्हा दोघांनाही ते पटलं. तिघांनी एकदमच घेऊ, असं ठरलं. जुलैत संध्याकाळी एखादी सर यायची. बाबा तिला पावसात धरत नसत.

बायको श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. कंपनीच्या बसमध्ये सगळे खोकतायत, असं ती काही दिवस सांगत होती. त्या शुक्रवारी ती थेट आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने बाबा दाराशी उभे दिसले.

"बाबा, तिथून आधी बाजूला व्हा," ती आतून म्हणाली.

"चहा घेणार का, एवढंच विचारतोय."

"विचारलंत ना? आता गॅलरीत जाऊन बसा."

ते गॅलरीत बसले. मी सगळ्या खिडक्या उघडल्या, डास येतील म्हणून दोन लावल्या, मग पुन्हा उघडल्या.

शनिवारी डॉक्टरबाईंनी बाबांना लस दिली, पण तिचा उपयोग व्हायला दोनेक आठवडे जावे लागतात, हेही सांगितलं. बाबांनी त्यांना आपलं पावसाचं गणित इंग्रजीत समजावलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. इथे मोठा पाऊस उशिरा येतो हे खरं, पण तापाचे पेशंट त्याची वाट बघत नाहीत, असं त्या म्हणाल्या. बाबांना ताप आला तर त्याच दिवशी घेऊन या, असं त्यांनी मला वेगळं सांगितलं.

रविवारी मी बाबांच्या बोटाला इतक्यांदा ऑक्सिमीटर लावला, की शेवटी त्यांनी हात पांघरुणात घेतला. "अरे, बोट झिजेल माझं."

सोमवारी सकाळी त्यांच्या खोकल्याचा आवाज बदलला. दुपारी ताप आला. तपासणीत फ्लू निघाला. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या.

ऑक्सिजन खाली गेला नाही. हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं नाही. खोकला दसऱ्यापर्यंत राहिला.

यंदाची लस बाबांनी जूनमध्ये घेतली, आम्हीही. त्या दिवशी तांबरममध्ये कडक ऊन होतं.